मे महिन्याचं रक्त

मला राग पटकन येतो. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत हे बहुतेकांना माहीत होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना गेल्या मार्चमध्ये कळलं. त्या दिवशी मी रक्तदान शिबिराच्या दारात उभी राहून लोकांना ‘रक्त देऊ नका, घरी जा’ असं ओरडून सांगत होते. अजूनही काही जण मला लिफ्टमध्ये बघितलं की जिन्याने जातात. जाऊ देत, तेवढाच व्यायाम.

बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकटी राहते ना, असं बरंच बोलून झालं. पन्नाशी उलटलेली बिनलग्नाची बाई चिडली की लोकांना कारण शोधावं लागत नाही. कारण मात्र होतं, आणि ते आजही आहे. ते पंधरा वर्षांचं आहे, मुलुंडला राहतं आणि मला मावशी म्हणतं.

माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीराला स्वतःचं धड रक्त बनवता येत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी तिला दोन बाटल्या रक्त चढवावं लागतं. ती सहा महिन्यांची होती तेव्हापासून हे चालू आहे आणि जन्मभर चालायचं आहे. रक्त चढलं की ती शाळेत जाते, भांडते, नाचाच्या क्लासला दांडी मारून मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाते. तिसरा आठवडा आला की ओठ पांढरे पडतात, दोन जिने चढले की धाप लागते. आमच्या घरात कॅलेंडरवर सण नंतर बघतात, बाटलीची तारीख आधी.

एरवी वर्षभर रक्त मिळतं. मे महिन्यात मिळत नाही. कॉलेजं बंद असतात, अर्धी मुंबई गावाला गेलेली असते, उरलेल्यांना ऊन लागतं. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. रक्तपेढीतला माणूस फोनवर इतक्या थकलेल्या आवाजात ‘बी पॉझिटिव्ह नाही हो’ म्हणतो की त्याच्यावर ओरडताही येत नाही. एका मेमध्ये भाचीला दोनऐवजी एकच बाटली मिळाली, ती पण चार दिवस उशिरा. माझी बहीण त्या चार दिवसांत एकदाही रडली नाही. तिने घरातले सगळे डबे घासले, भरलेले डबेसुद्धा रिकामे करून घासले. मी ते बघितलं आणि ठरवलं की पुढचा मे असा जाऊ द्यायचा नाही.

आता साधी गोष्ट अशी आहे की रक्त साठवून ठेवता येत नाही. बाटली जेमतेम सव्वा महिना टिकते. आणि एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने परत देता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये शंभर लोकांनी दिलेलं रक्त मेमध्ये कुणाच्याच कामाचं नाही, आणि ती शंभर माणसंही मेमध्ये कामाची नाहीत. हवी असतात ती एका आठवड्याला दोन-तीन माणसं, ज्यांनी आधीच कबूल केलंय की हा आठवडा आमचा, आम्ही गावाला गेलो तरी रक्त देऊनच जाऊ. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरत्या मजल्याप्रमाणे वाटलेल्या असतात. पहिल्या दिवशी ए विंगचा तळमजला, दुसऱ्या दिवशी पहिला मजला. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या आरत्या म्हणून टाकल्या आणि उरलेले दिवस गणपती तसाच ठेवला, असं कुणी करतं का? मला वाटलं, हे उदाहरण दिलं की लोकांना लगेच कळेल.

कळण्याआधी त्यांनी ऐकायला तर हवं. मी दोन महिने घरोघर फिरले. दार उघडायचं, मी बोलायला लागायचे, आतून कुकरची शिट्टी व्हायची आणि ‘बघू हं ताई, ग्रुपवर टाका’ होऊन दार बंद. ग्रुपवर टाकलं की हात जोडलेले यायचे. नुसते हात.

सायकल मी बरीच वर्षं चालवते आहे. सकाळी नॅशनल पार्क, रविवारी आरे कॉलनी, तिथल्या तबेल्यांच्या वासातून पवईकडे आणि परत. एकदा मी सहज लिफ्टमध्ये म्हटलं की सुट्टी साठली आहे, व्हिएतनामला सायकल घेऊन जाणार आहे, उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत, एकटी. लिफ्टमधल्या बाईंनी मला प्रथमच नीट बघितलं. ‘एकट्या? फॉरेनला?’ संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगमध्ये झालं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. याच सायकलवर मी कोल्हापूरला गेले असते तर लोक म्हणाले असते, गुडघे सांभाळा. पण फॉरेन म्हटल्यावर तीच दारं पूर्ण उघडली. चहा आला. चिवडा आला. चीड आली मला त्या चिवड्याची, पण मी खाल्ला.

अट मी सोपी ठेवली होती. माझा सायकलवरचा एक दिवस तुमच्या नावाचा, त्या बदल्यात वर्षातल्या कोरड्या आठवड्यांपैकी एक आठवडा तुमचा. तुमच्या दिवशी मी तिथून तुम्हाला फोटो पाठवणार, आणि तुमच्या आठवड्यात तुम्ही रक्तपेढीत जाऊन हात पुढे करणार. मेमधले आठवडे मी मुद्दाम बी पॉझिटिव्हवाल्यांना दिले. असे किती निघाले विचारू नका, शोधून शोधून दमले. ऑफिसातले, आरेतल्या सायकलवाल्यांपैकी, आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतले. महिनाभराचा प्रवास भरला. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे तू पाय मारणार आणि रक्त मला. झकास डील आहे.’

सायकल खोक्यात घालून मी हनोईला उतरले. त्यांचं नववर्ष नुकतंच संपलं होतं, दारांत अजून संत्र्यांची छोटी झाडं उभी होती. पहिले दोन दिवस मी ट्रकांच्या धुरात गेले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. मग आतल्या, डोंगराच्या बाजूच्या रस्त्याला लागले. दोन्हीकडे भात, मध्येच भातातच बांधलेल्या समाध्या, शाळेतून सुटलेली पोरं सायकलवरून माझ्याशी शर्यत लावणारी आणि हरली की हसणारी. रस्त्याकडेला टपऱ्या असतात तिथे खुर्च्यांऐवजी झोळ्या टांगलेल्या. कॉफी मागवायची, झोळीत पडायचं, कुणी उठवत नाही. एका टपरीतल्या आजीने खुणेने विचारलं, कुठून, कशासाठी? मी दंड दाखवला, सुई टोचल्यासारखं केलं, लहान मुलीची उंची दाखवली. तिला वाटलं मलाच काहीतरी झालंय. तिने मला उसाचा रस आणून दिला आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिली, मग कपाळाला हात लावून बघितला. मला परक्या देशात रडू आलं. राग नसताना मी फार दिवसांनी रडले.

रोज एका घराला फोटो जात होता. ‘आज तुमचा दिवस. चढ फार होता. मेचा दुसरा आठवडा लक्षात आहे ना?’ उत्तरं येत होती. लोक खूश होते. एका घरातल्या मुलाने माझा रस्ता नकाशावर रंगवायला घेतला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललंय असं मी बहिणीला सांगितलं, आणि तिनेही पहिल्यांदाच मेबद्दल काही विचारलं नाही.

अर्धा देश झाल्यावर समुद्राजवळ एक मोठा घाट लागतो. सकाळपासून चढत होते. पायांत गोळे, वर ढग खाली उतरलेले. माथ्यावर फोनला रेंज आली आणि ग्रुपवरचे फोटो एकामागोमाग उघडायला लागले. पहिला फोटो फ्लेक्सचा होता. डाव्या बाजूला आमच्या भागातले एक नेते, हात जोडून, मोठे. उजव्या बाजूला मी. डोकं माझं, सायकल कुणाची तरी, मागे बर्फाचे डोंगर. वर ‘सोसायटीची शान, बोरीवलीचा अभिमान’. खाली ‘ताईंच्या स्वागतानिमित्त भव्य रक्तदान महाशिबिर’. तारीख मी परत येण्याची. ‘प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक प्रवासी बॅग.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तशी खरंच गेली, कारण तळपाय आधीच पेटलेले होते. मी तिथूनच आमच्या सेक्रेटरींना फोन लावला. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त बँक अधिकारी, रोज पार्कात फेरफटका मारणारे, सोसायटीतली प्रत्येक गोष्ट ‘उपक्रम’ म्हणून करणारे गृहस्थ. आजूबाजूला पर्यटकांच्या बसेस, कर्ण्यावर गाणी. मी ओरडूनच बोलत होते.

‘अहो, हे काय लावलंय? सगळ्यांनी एका दिवशी द्यायचं नाहीये.’

‘ताई, अहो आवाज कट होतोय तुमचा. कशा आहात? तब्येत सांभाळा.’

‘त्यांचे आठवडे ठरलेत. मेमधले.’

‘हो हो, तेच. सगळ्यांचे आठवडे एकत्र करून टाकले. लोकांना परत परत कुठे त्रास द्यायचा? एकदाच मंडप टाकू, साहेब स्वतः येतायत. बॅगा पण त्यांच्याकडूनच.’

‘मार्चमधलं रक्त मेपर्यंत टिकत नाही!’

‘ताई, तुम्ही फक्त सायकल चालवा. बाकी आम्ही बघतो.’

फोन त्यांनी ठेवला की रेंज गेली ते मला अजून माहीत नाही. मी घाट उतरले तो ब्रेक न दाबता. त्या उतारावर मी जे काय काय बोलले ते मराठीत होतं हे बरं झालं.

पुढचा निम्मा देश मी रागावर चालवला. रागावर सायकल चांगली चालते, एवढं सांगते. दिवसा पाय मारायचे आणि दुपारी झोळीत पडून एकेका घराला फोन. ‘तुमचा आठवडा मेमध्ये आहे. शिबिरात देऊ नका.’ पलीकडून सगळे अतिशय गोड बोलत होते. ‘अहो पण सगळे त्याच दिवशी देतायत, आम्हीच नाही दिलं तर कसं दिसेल?’ ‘देऊन टाकतो ना एकदाचं, डोक्याला त्रास नको.’ ‘मेमध्ये आमचं गावी लग्न आहे, बरं झालं आधी होतंय.’ एक जण तर म्हणाले, ‘ताई, तुम्हीच मागताय आणि तुम्हीच नको म्हणताय.’ यात वाईट माणूस एकही नव्हता, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरत होतं. वाईट माणसाला शिवी देता येते. यांना रक्त द्यायचंच होतं, फक्त मंडपात, ढोल वाजत असताना, शेजाऱ्यांच्या देखत. आपल्या लोकांना काम सांगितलं की त्याचा कार्यक्रम होतो. कार्यक्रम झाला की काम झालं असं सगळ्यांना मनापासून वाटतं.

‘अर्ध्यातून परत येऊ का?’ मी भाचीला विचारलं.

‘येऊन काय करणार? मंडपाला सायकल धडकवणार?’ ती म्हणाली. ‘पूर्ण कर. नाहीतर म्हणतील, ताई दमल्या म्हणून शिबिर आमच्यावर ढकललं.’ पोरगी शहाणी आहे. मी पूर्ण केलं. शेवटच्या गावात, समुद्राच्या टोकाला, मी सायकल उभी केली आणि मला काहीही वाटलं नाही. फोटो काढला नाही.

विमानतळावरून मी टॅक्सीवर खोकं बांधून थेट सोसायटीत आले. गल्लीच्या तोंडापासून ढोल ऐकू येत होता. मंडपाला माझा तोच बर्फातला फोटो. आत पलंगांची रांग, प्रत्येक पलंगावर एकेक माणूस हात लांब करून पडलेला, बाहेर दाराशी बॅगांचा ढीग आणि रांग पार गेटपर्यंत. स्टेजवर नेते, सेक्रेटरी, आणि त्यांच्या मध्ये खुर्चीवर माझी भाची. तिच्या गळ्यात हार घातला होता. बहीण खाली पहिल्या रांगेत, पदर मुठीत धरून. तिला म्हणे सांगितलं होतं की लाभार्थी स्टेजवर असला की लोकांवर परिणाम होतो. लाभार्थी! पंधरा वर्षांची पोर, जिला वर्गातही आपला आजार कुणाला कळलेला आवडत नाही.

मला हाताला धरून वर नेलं. नेते म्हणाले, ‘ताई, दोन शब्द.’ मी माईक घेतला आणि दोनच शब्द बोलणार होते, पण जरा वाढले.

‘ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून आठवडा घेतलाय, त्यांनी आज रक्त देऊ नका. घरी जा. हिला आज रक्त नकोय. आज मिळतंय. हिला मेमध्ये हवंय. आज दिलंत तर मेमध्ये तुम्ही देऊ शकणार नाही, आणि आजचं तोपर्यंत फेकून द्यावं लागेल. कृपा करा आणि घरी जा.’

ढोलवाले थांबले. रांगेतून एक बाई म्हणाल्या, ‘मग बॅग?’

‘बॅग घेऊन जा!’ मी ओरडले. ‘रक्त ठेवा आणि बॅग न्या!’

सेक्रेटरी हसत हसत माझ्या कोपराला धरून म्हणाले, ‘ताई, दमलात तुम्ही, बसा.’ नेते माईकपासून तोंड वळवून दबक्या आवाजात म्हणाले, ‘समोर कॅमेरे आहेत हो, काय हे?’ आणि माईक बंद झाला. कुणी बंद केला कळलं नाही. मी स्टेजवरून उतरले आणि मंडपाच्या दारात जाऊन उभी राहिले. येईल त्याला तेच सांगत होते. ‘तुमचा आठवडा कुठला? जून? मग आज कशाला आलात?’ काही जण वरमून परत गेले. काही जण माझ्या बाजूने, मला न शिवता, आत गेले. एक काका म्हणाले की पुण्यकर्माच्या आड येणाऱ्याला पाप लागतं. माझा घसा बसला. मध्येच बघितलं तर शेजारी भाची उभी. हार काढून तिने खुर्चीवर ठेवला होता. ती नुसती येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्यामुळे माझ्या आरडाओरड्यापेक्षा जास्त लोक परत गेले. पण मेमधली माझी माणसं सकाळीच देऊन गेली होती. लवकर आली होती बिचारी, ऊन व्हायच्या आधी. एकाने तर मला हात वर करून कोपरावरची पट्टी दाखवली आणि म्हणाला, ‘ताई, शब्द पाळला हां!’

संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा मजकूर आला. शिबिराला अभूतपूर्व प्रतिसाद, साहेबांचे आभार, आणि ‘आपल्या लाडक्या ताईंना लांबच्या प्रवासामुळे थोडा जेट लॅग झाला असल्याने गैरसमज करून घेऊ नये’. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. दीड तासाचा जेट लॅग! खाली सगळ्यांचे जोडलेले हात.

मे आला. पहिल्या खेपेला रक्तपेढीने कुठूनतरी दोन बाटल्या आणल्या, कुठून ते मी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला नव्हत्या. मी माझ्या बी पॉझिटिव्हवाल्यांना पुन्हा फोन केले, माहीत असूनही. ‘आम्ही तर दिलं ना ताई, त्या दिवशी.’ दिलं होतंच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. माझा गट वेगळा, आणि प्रवासातून आल्यामुळे मला तर डॉक्टरांनी काही महिने रक्त द्यायलाच मनाई केली होती. बहिणीचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून तिचं कधीच घेत नाहीत. भाचीची तारीख गेली, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. ती सोफ्यावर पडून असायची. पंखा लावला की थंडी वाजते म्हणायची, बंद केला की घामाघूम. ओठ आणि उशीची खोळ एकाच रंगाचे दिसत होते. बहिणीने पुन्हा डबे काढले.

मी तिच्या उशाशी बसून सेक्रेटरी, नेते, ग्रुप, बॅगा, सगळ्यांचा उद्धार करत होते. घसा परत बसायला आला होता.

‘मावशी,’ ती डोळे मिटूनच म्हणाली, ‘जरा हळू ना.’

‘तुला राग कसा येत नाही गं?’

‘येतो की. पण आज रागवायला अंगात नाहीये. बाटली चढू दे, मग बघते एकेकाला.’

मी तिची उशी सरळ केली. एवढे दिवस मी तिच्या वतीने रागावत होते, आणि रागावायलाही काहीतरी लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या अंगात ते भरपूर होतं. तिच्या अंगात ते दर तीन आठवड्यांनी संपत होतं.

पाचव्या दिवशी एक बाटली मिळाली. एकच. थॅलेसेमिया सेंटरवर रक्त चढवायच्या खोलीत सहा पलंग असतात, सगळी तिच्यासारखीच पोरं, त्यांतली दोन रिकाम्या हाताने परत गेलेली. तिची बाटली लागली, थेंब सुरू झाले. बहीण खालून चहा आणायला गेली. दुपारपर्यंत बाटली अर्ध्याच्या वर रिकामी झाली. भाची उशी मागे सारून उठून बसली, केस बांधले आणि म्हणाली, ‘तुझा फोन दे.’

‘कशाला?’

‘दे ना.’

तिने माझ्या फोनमधून आमच्या सेक्रेटरींचा नंबर काढला आणि स्पीकरवर लावला. ‘बोला ताई,’ ते सावधपणे म्हणाले.

‘ताई नाही, मी बोलतेय. त्यांची भाची. काका, स्टेजवर तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. तुम्ही मला म्हणालात, बाळा, माझाही तुझाच ग्रुप आहे, बी पॉझिटिव्ह.’

‘अं... हो. कशी आहेस बेटा?’

‘तुम्ही त्या दिवशी दिलं नाही ना काका? तुम्ही पूर्ण वेळ स्टेजवरच होता, मी बघत होते.’

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. ‘अगं, आयोजकांना कुठे वेळ मिळतो? धावपळ किती असते...’

‘तेच म्हणतेय. म्हणजे तुम्हाला चालतं. मला एक बाटली मिळालीय, एक कमी आहे. आज दिलंत तर तपासण्या होऊन उद्या मला चढेल. रक्तपेढी पाचपर्यंत उघडी असते.’

‘हं. बघतो हां बेटा. म्हणजे, शुगरची पण जरा...’

‘शुगर ते तिथे तपासतात. बघतो नको. येताय की नाही ते सांगा.’ तिचा आवाज चढला होता. बाजूच्या पलंगावरचं पोर आमच्याकडे बघायला लागलं. ‘नाही म्हणालात तरी चालेल, काका. पण नाही म्हणा. मी फोन ठेवत नाहीये.’

पलीकडे सेक्रेटरींनी घसा खाकरला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तिने सुई नसलेला हात वर करून मला गप्प केलं. ती तशीच बसून राहिली, फोन मांडीवर, नजर फोनवर, जबडा घट्ट. मी तिच्याकडे बघत होते. तिचे कान लाल झाले होते.